जुन्या घरातलं वायरिंग: वायरमन बोलावण्यापासून काम ताब्यात घेईपर्यंत

गिरगावातली चाळ, सदाशिव पेठेतला वाडा, दादरमधली पन्नास वर्षांची सोसायटी, कोकणातलं कौलारू घर. इथल्या भिंतींवर तारा चढल्या तेव्हा घरात चार-सहा बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ आणि फार तर इस्त्री होती. त्याच तारांवर आज गिझर, एसी, इंडक्शन आणि वॉशिंग मशीन चालतं. २ किलोवॉटचा गिझर एकटा जवळपास ९ अँपिअर ओढतो, २ किलोवॉटचं इंडक्शन तेवढंच, दीड टनाचा एसी ७-८ आणि इस्त्री ४. थंडीच्या सकाळी गिझर, इंडक्शन आणि इस्त्री एकत्र चालू झाली की बावीस अँपिअर होतात. उन्हाळ्यात एसी त्यात भर घालतो. ज्या मेन वायरमधून हा प्रवाह येतो ती कुणी, कधी आणि किती जाडीची टाकली, हे बहुतेक घरमालकांना माहीत नसतं.

माझा या बाबतीत एकच आग्रह आहे. जुन्या घरात तपासणीचं यंत्र लावून मोजमाप न करता जो माणूस भाव सांगतो, त्याला काम देऊ नका. पुढे जे लिहिलं आहे ते हा आग्रह प्रत्यक्षात कसा आणायचा याबद्दल आहे.

आधी आपलं घर ओळखा

वायरमन येण्याआधी अर्धा तास घरभर फिरा. बोर्ड उघडू नका, फक्त बघा, वास घ्या आणि मेन बंद करून हाताच्या पाठीने बोर्डांची ऊब तपासा.

भिंतीवरून सागवानी पट्टी गेली असेल आणि तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी काळी किंवा पांढरट केबल बसवली असेल, तर ते बॅटन वायरिंग. लाकडी पन्हळीत तारा घालून वर झाकणपट्टी ठोकलेली असेल, तर ते केसिंग-कॅपिंग. अशा फार जुन्या कामात रबराचं आवरण आणि त्यावर सुती वेष्टण असलेल्या तारा सापडतात. कालांतराने हे रबर बिस्किटासारखं ठिसूळ होतं. तार हलवली नाही तोवर सगळं ठीक दिसतं आणि बोर्ड उघडून वाकवली की आवरण गळून हातात येतं. म्हणून अशा घरात ‘एकच बटण बदलून द्या’ ही मागणी कधी कधी पूर्ण बोर्डाचं काम होऊन बसते. त्यात दरवेळी वायरमनची लबाडी असते असं समजू नका.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच इमारतींमध्ये अॅल्युमिनियमच्या तारा आहेत. तांबं लालसर आणि अॅल्युमिनियम चंदेरी, त्यामुळे वायरमनने बोर्ड उघडला की लगेच कळतं. (जुन्या तांब्याच्या तारेवरही कल्हई असू शकते, म्हणून वायरमनला तार खरवडून बघायला सांगा.) अॅल्युमिनियमचा दोष त्याच्या जोडांत असतो. गरम-थंड होता होता ते स्क्रूखाली दबतं, जोड सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर बसतो आणि तिथे उष्णता वाढते. त्याला तांब्याची तार नुसती पिळून जोडली असेल तर दमट हवेत तो जोड आणखी लवकर खराब होतो. मुंबई-कोकणात हे फार बघायला मिळतं.

मग मीटरजवळ जा. पांढरे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत की एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारं बटण)? फ्यूज असतील तर त्यांत कोणती तार घातली आहे, हे वायरमनला दाखवायला सांगा. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात वायरचे दोन-चार तांब्याचे पदर पिळून घातलेले असतात आणि मग तो कधीच उडत नाही. उडायला हवा तेव्हाही नाही, आणि मग फ्यूजऐवजी भिंतीतली तार तापते. आजकाल हाच प्रकार एमसीबीच्या बाबतीत होतो. १६ अँपिअरचा एमसीबी ट्रिप होतो म्हणून ३२ चा बसवला जातो आणि मागे तार मात्र दीडचीच (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) राहते.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो आकडा लिहून घ्या. घरातल्या मोठ्या उपकरणांच्या वॉटेजची यादीही करा. या दोन कागदांमुळे वायरमनशी होणारं बोलणं बदलतं.

लगेच थांबायला सांगणारी लक्षणं

नळाला किंवा गिझरच्या पाइपला हात लावला की झिणझिण्या येतात? गिझरचा मेन बटणापासूनचा पुरवठा बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी चुलीवर तापवा. ‘थोडासाच करंट येतो’ म्हणून चप्पल घालून अंघोळ करणारी माणसं आहेत. ओल्या अंगाचा रोध खूपच कमी असतो. कोरड्या हाताला गुदगुल्या करणारा विजेचा दाब ओल्या अंगाला जीवघेणा ठरू शकतो.

बोर्डातून जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास येणं, बटण दाबताना चरचर आवाज होणं, प्लग उपसल्यावर त्याची पिन काळी निघणं, ही सगळी सैल जोडाची लक्षणं. तो बोर्ड त्या क्षणी बंद करायचा.

सगळ्यात तातडीचं लक्षण वेगळंच आहे. अचानक काही दिवे भगभगीत पेटले, पंखा वेड्यासारखा फिरू लागला, आणि शेजारच्या घरात मात्र दिवे मंद झाले, तर इमारतीचा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) तुटला किंवा सैल झाला असण्याची दाट शक्यता आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की एका घराला २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. टीव्ही, फ्रिज आणि वायफायचा राउटर एका झटक्यात जातात. मेन बंद करा, शेजाऱ्यांना बंद करायला सांगा आणि वीज कंपनीला कळवा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, ज्यांचं बिल येतं त्यांच्या बिलावरचा क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

मीटरपर्यंतचा भाग वीज कंपनीचा आणि मीटरनंतरचा तुमचा. मीटरचं सील तोडून ‘आतून घट्ट करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वीज कायदा २००३ प्रमाणे मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे आणि तो ग्राहकाच्या नावावर लागतो.

माणूस कसा शोधायचा

पहिली चौकशी त्याच इमारतीत किंवा त्याच वयाच्या शेजारच्या इमारतीत करा. तुमच्या भिंतीत जे आहे तेच त्यांच्याही भिंतीत आहे. ज्याने तिथे दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण वायरिंग केलं आणि अजून तक्रार नाही, तो माणूस नव्या टॉवरमध्ये रोज फिटिंग करणाऱ्यापेक्षा तुमच्या कामाचा. गल्लीतल्या इलेक्ट्रिकल दुकानदारालाही विचारा. कोण कोणत्या दर्जाचा माल नेतो, कोण उरलेली वायर परत आणून देतो, हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

मग कागद. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. पण प्रमाणपत्र आणि परवाना या वेगळ्या गोष्टी. राज्यात वायरमनचा परवाना, पर्यवेक्षकाचा परवाना आणि विद्युत कंत्राटदाराचं लायसन्स शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेमार्फत मिळतं. जुनी माणसं आजही त्याला ‘पीडब्ल्यूडीचं लायसन्स’ म्हणतात. पंख्याचा कपॅसिटर किंवा एखादं बटण बदलायला कंत्राटदार लागत नाही. पण पूर्ण वायरिंग, नवा डीबी (एमसीबींची पेटी), मेन केबल, भारवाढ किंवा सिंगल फेजचं थ्री फेज करायचं असेल, तर परवानाधारक कंत्राटदारच हवा, कारण वीज कंपनी त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागते. लायसन्सची प्रत मागा आणि त्यावरची मुदत बघा. चांगला माणूस त्याने दुखावला जात नाही.

फोनवर तीन प्रश्न पुरतात. मेगर (तारेचं आवरण तपासणारं यंत्र) आणि क्लॅम्प मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारा) आहे का? जुन्या घरात आरसीसीबी (प्रवाह गळू लागला की पुरवठा तोडणारं बटण) बसवून दिलीय का आणि ती टिकली का? कामाला स्वतः येणार की पोरं पाठवणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘जुन्या घरात आरसीसीबी चालत नाही, सारखी ट्रिप होते’ असं म्हणणारा माणूस सोडून द्या. कारण पुढे सांगतो.

पहिली भेट

पाहणीचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा आणि तसं आधीच सांगा. ‘दादा, आधी सगळं मोजून घ्या, मग भावाचं बोलू.’ फुकट पाहणीत कुणी दोन तास देत नाही आणि हे काम दोन तासांचं आहेच.

तारेचं आवरण किती शाबूत आहे, हे मेगर सांगतं. ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासायचं. त्याआधी सगळी उपकरणं प्लगमधून काढायची, एलईडी दिवे उतरवायचे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर वेगळे करायचे, नाहीतर तेच जळतील. किमान १ मेगाओम आलंच पाहिजे. नवीन पीव्हीसी वायर याच्या कितीतरी पट दाखवते. एखाद्या सर्किटला जेमतेम १ आलं आणि पाहणी उन्हाळ्यात झाली असेल, तर पावसाळ्यात भिंत ओलावली की ते खाली जाईल, हे धरून चाला.

दुसरं अर्थिंग, म्हणजे गळलेला प्रवाह जमिनीत नेणारी जोडणी, आणि जुन्या घरांत सर्वांत जास्त फसवणूक इथेच आढळते. अनेक ठिकाणी अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. पुढे प्लंबरने पाइप बदलून प्लास्टिकचे टाकले आणि अर्थिंग कुणाच्याही नकळत संपलं. काही ठिकाणी तर सॉकेटमध्ये न्यूट्रलवरूनच अर्थच्या पिनेला छोटी तार मारलेली असते. टेस्टिंग प्लग लावला तर ‘सर्व ठीक’ असा दिवा लागतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. म्हणून स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या सॉकेटच्या प्लेट उघडून डोळ्यांनी बघायला सांगा.

फेज (जिवंत तार) ते अर्थ २३० व्होल्ट दाखवणारा मीटरही पुरेसा पुरावा नाही, कारण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. नावापुरत्या अर्थवरही तो पूर्ण आकडा दाखवतो. १०० वॉटचा साधा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून तो पूर्ण पेटतो का, ही जुनी आणि चांगली चाचणी आहे. अर्थात ती वायरमननेच करायची. पिटचा, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचा, रोध मोजायला अर्थ टेस्टर असतो. फक्त निऑन टेस्टर खिशात घेऊन आलेल्या माणसाला यातलं काहीच कळणार नाही.

तिसरं, गिझर आणि एसी एकत्र चालू करून क्लॅम्प मीटरने मेनचा प्रवाह मोजायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी मेनचे जोड किती तापले ते बघायचं. चौथं, बटण फेजवर आहे का न्यूट्रलवर. जुन्या कामात बटण न्यूट्रलवर असणं सर्रास सापडतं. दिवा बंद, पण होल्डर जिवंत. बंद केलेला एलईडी अंधारात मिणमिणत असेल तर हे एक संभाव्य कारण समजा.

सोसायटीत राहत असाल तर मीटर रूमपासून तुमच्या दारापर्यंतची केबलही तपासून घ्या. घरात सगळं नवं करून लोक ही केबल विसरतात, आणि मग नव्या एसीवर दिवे पूर्वीसारखेच मंदावतात. ती बदलायला सोसायटीची परवानगी लागेल. पागडीच्या घरात मालकाशी लेखी बोलून घ्या.

आरसीसीबी का टिकत नाही आणि ती का हवीच

जायची तार आणि यायची तार यांतला प्रवाह सारखा आहे का, एवढंच आरसीसीबी बघते. फरक पडला म्हणजे प्रवाह दुसऱ्याच वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चालला आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. तिचं काम अर्थच्या तारेवर अवलंबून नसतं. अर्थिंग करणं अवघड असलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर ती आधी बसवायला हवी. तिच्याही मर्यादा आहेत. ओव्हरलोड ती थांबवत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. आणि कुणी एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर तो तिला साधा बल्ब वाटतो.

जुन्या घरात ती बसवताक्षणी उडते याची खरी कारणं दोन. एक, कुठेतरी खरोखर गळती आहे: ओली भिंत, कुजलेलं आवरण, गिझरची खराब कॉइल. दुसरं, उधार न्यूट्रल. पूर्वी तार वाचवण्यासाठी एका खोलीचा फेज एका सर्किटवरून आणि न्यूट्रल दुसऱ्यावरून घेतला जायचा. फ्यूजला त्याचं काही वाटत नव्हतं, आरसीसीबीला लगेच कळतं. प्रामाणिक वायरमन न्यूट्रल वेगळे करतो. त्यात एक दिवस जातो, कधी जास्त. कंटाळलेला वायरमन आरसीसीबी बायपास करतो आणि तुमच्या डीबीत तिचा नुसता डबा उरतो.

ट्रिप होऊ लागली तर पहिला शोध तुम्हीच घेऊ शकता. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्यावर ती पडते त्या सर्किटमधले सगळे प्लग काढून पुन्हा बघा. प्लग काढल्यावर टिकली तर दोष उपकरणात आहे, तरीही पडली तर तारेत. सगळे एमसीबी खाली असूनही ती वर राहत नसेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असू शकतो, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. इथे आपण थांबायचं आणि वायरमनला फोन करायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही तारा जिवंत असतात, हे वायरमनला आठवणीने सांगा.

भाव आणि माल

भाव साधारणपणे पॉइंटवर ठरतो: लाइट पॉइंट, पंखा पॉइंट, ६ अँपिअरचा सॉकेट, १६ चा पॉवर पॉइंट. डीबी, मेन केबल, अर्थिंग, झिरी पाडणं आणि ती भरणं हे वेगळं. भांडणं या वेगळ्या गोष्टींवरून होतात, म्हणून प्रत्येकीसमोर आकडा लिहून घ्या. झिरी भरून प्लास्टर कोण करणार, जुन्या तारांचा भंगार कुणाचा, हेही कागदावर असू द्या. तांब्याच्या भंगाराला चांगला भाव येतो.

तारेचं साधं गणित असं: दिव्या-पंख्यांना दीडची तार आणि १० चा एमसीबी, सॉकेटना अडीचची आणि १६ चा, गिझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र चारची तार आणि २० चा एमसीबी. मेनसाठी भार बघून सहा किंवा दहाची. एमसीबीने तारेचं रक्षण करायचं असतं, म्हणून तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा एमसीबी नको. रंग पाळायला सांगा: फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. ‘हिरवी तार उरली होती म्हणून फेजला वापरली’ हे अजिबात चालवून घेऊ नका. दहा वर्षांनी येणारा दुसरा वायरमन त्या रंगावर विश्वास ठेवून हात घालणार आहे.

शक्य असेल तर माल स्वतः आणा, पक्क्या बिलावर. तारेवर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये घालून पडताळता येतो. नकली बंडलं नावाजलेल्या नावाचीच असतात, त्यामुळे ही दोन मिनिटं घालवाच.

काम चालू असताना

वाड्याच्या मातीच्या भिंतीत कटर लावू देऊ नका. माती भसाभसा निघते आणि झिरी हवी त्याच्या तिप्पट रुंद होते. माळवदाच्या लाकडात भोकं पाडणंही टाळा. अशा घरात पीव्हीसीची केसिंग-पट्टी किंवा भिंतीवरून नीट ओळीत नेलेला पाइपच योग्य. दिसायला थोडं कमी, पण पुढे दुरुस्ती सोपी आणि उंदीर-घुशींना तार सापडत नाही. पक्क्या विटांच्या भिंतीत कन्सिल्ड करायचं असेल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतील.

एकदम पूर्ण घर जमत नसेल तर क्रम असा ठेवा: आधी मेन, डीबी आणि आरसीसीबी, मग अर्थिंग, त्यानंतर बाथरूम आणि स्वयंपाकघर, शेवटी दिवे-पंखे. अनेकजण नव्या मॉड्युलर बटणांपासून सुरुवात करतात, कारण ती दिसतात. पैसे संपल्यावर मागे जुनीच तार राहते.

कोकणात जांभ्या दगडात अर्थिंग करायचं तर नेहमीपेक्षा जास्त खोली किंवा दोन पिट लागू शकतात. जांभ्यातून प्रवाह सहज जात नाही. पिट ओलाव्याजवळ, मोरीच्या किंवा विहिरीच्या बाजूला घेता येतो का ते बघा.

ताब्यात घेताना

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतरच. चाचणी म्हणजे पुन्हा तेच: मेगर, अर्थिंग, भार टाकून मोजमाप, आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून ती पडते का ते बघणं. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव लिहून घ्या, ‘मागची खोली’, ‘गिझर’, ‘देवघर’, म्हणजे घरातल्या आजीलाही अंधारात कोणतं बंद करायचं ते कळेल. मेगरचे आणि अर्थिंगचे आकडे तारखेसह कागदावर लिहून डीबीच्या दाराला आतून चिकटवा.

घरातल्या सगळ्यांना एकदा मेन बंद करून दाखवा, मुलांनाही. कुणाला शॉक लागला तर त्याला धरायचं नाही, आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने तारेपासून दूर करायचं. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. बोर्डाला आग लागली तर पाणी मारायचं नाही.

आरसीसीबीचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. बिल आलं की दाबायचं असं ठरवलं तर विसरणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या पिटमध्ये पाणी घाला. पहिला पावसाळा ऐन भरात असताना त्याच वायरमनला बोलावून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या आणि मेगर लावून डीबीच्या दारावरच्या आकड्यांशी ताडून बघा. कोणत्या भिंतीत पाणी मुरतंय हे तेव्हा कळेल, आणि त्या भिंतीतलं सर्किट वरून पट्टीतून फिरवून घेता येईल.